संचिताचा गळा

दर्शनाला कुणी विचारलं असतं, की बाई गं, तुझं नेमकं कुठे दुखतं, तर तिनं गुडघे सांगितले असते, कंबर सांगितली असती, पण खरी जागा सांगितली नसती. खरं दुखणं पोटात होतं आणि ते एका माणसावरून होतं. ते माणूस म्हणजे धाकटी जाऊ, संचिता. एकाच घरात, एकाच ओट्यावर, सकाळ-संध्याकाळ समोर. असलं दुखणं घरातच असलं की त्याला उतारही पडत नाही.

घर कल्याणकडच्या मानपाड्याच्या मागच्या गावातलं. गाव आपलं म्हणायला. शेतं बिल्डरांनी घेतली, खाजणात टॉवर उभे राहिले आणि घरोघरी मजले चढले. पण आगरी घरात लग्न निघालं की अजून धवलारीण लागते. भटजी येतो, मंगलाष्टका म्हणतो, पाकीट घेऊन जातो, त्याचं काम तेवढंच. मांडवाच्या दिवशी देवांना, वेशीला आणि त्या घरातल्या मेलेल्या माणसांना लग्नाचं आवतण द्यायचं ते धवलारणीनं. ती धवले गाते आणि गाता गाता एकेकाचं नाव घेऊन हाक मारते. नाव घेतलं की तो माणूस मांडवात येऊन बसला असं समजायचं. नाव राहिलं तर तो बाहेर उभा राहिला, आणि मग पुढे त्या घरात काही वाईट घडलं की लोक त्या राहिलेल्या नावाकडे बोट दाखवतात.

दर्शनाची सासू सखुबाई आसपासच्या सगळ्या गावांची धवलारीण. दर्शना या घरात सून म्हणून आली त्या वर्षापासून सासूचा पाट, तांदळाची टोपली, हळदीची वाटी घेऊन तिच्या मागे फिरली. कुठल्या घरात कोण आधी गेलं, कोण नंतर, कुणाच्या दोन बायका होत्या आणि त्यातली थोरली कोणती, सगळं तिला तोंडपाठ. सखुबाईनंतर दर्शना, हे कुणी बोललं नव्हतं, पण बोलायची गरज काय? दर्शनानं तर त्या दिवशी नेसायची हिरवी साडीही मनात पक्की करून ठेवली होती.

आणि मग धाकट्या दिरानं, नयननं, संचिता आणली. कल्याणच्या कॉलेजात जमलेलं. मूळची साताऱ्याकडची, वडील बँकेतून रिटायर झालेले, घरात मासळी शिजत नाही अशी पोरगी. ती आगरी नव्हतीच. सुरुवातीला तिला सुकट ओळखता येत नव्हती तेव्हा दर्शनाला तिचं फार कौतुक होतं. ज्याला काही येत नाही त्याचं कौतुक करायला कुणाच्या बापाचं काय जातं!

पण त्या पोरीच्या कानावर धवले पडले आणि ती त्यात जी शिरली ती बाहेरच येईना. दूध ओट्यावर उतू जायचं आणि ही खिडकीशी उभी राहून एकच ओळ दहा तऱ्हांनी म्हणत बसायची. कांदा चिरता चिरता रडायची, आणि ते कांद्यामुळे नसायचं. गावातल्या म्हाताऱ्यांच्या ओटीवर जाऊन बसायची. त्यांचे पाय चेपून द्यायची आणि विचारायची, तुमच्यात कोण कोण गेलं, ते कसे होते, त्यांना काय आवडायचं. दुपारी तीन वाजता उपाशी घरी यायची, आणि डोळे असे चमकत असायचे की जणू कुणी हिला मोठं जेवण घालून पाठवलंय. लोक म्हणायचे, काय हौस आहे पोरीला. दर्शना म्हणायची, हौस अशी असते होय? आपण नाही शिकलो? आपण कधी दूध उतू घालवलं?

खरं तर गावातल्या शिवरामच्या घरच्या लग्नापर्यंत हे सगळं पोटातल्या पोटात चाललं होतं. त्या लग्नाआधी सखुबाईचा घसा बसला तो बसलाच. मांडवाच्या सकाळी तिनं दोघी सुनांकडे पाहिलं आणि म्हणाली, "माजा गला काय चालत नाय. आवतनाला संचिता बसंल."

दर्शना म्हणाली, "आई, तिला नावं येतील सगळी?"

"येतीन. तू बाजूला बस. चुकली तं सांग."

म्हणजे दर्शना कोण? चुका काढायला बसवलेली बाई. ती बसली. कान टवकारून बसली. संचिता एकेक नाव घेत होती आणि दर्शना मनात क्रम तपासत होती. क्रम चुकत नव्हता. पण ती नुसतं नाव घेत नव्हती. शिवरामच्या आज्याला बोलावताना ती म्हणाली, ये बाबा, तुझी काठी दाराशी उभी करून ठेवलीय. आजा काठी घेऊन चालायचा हे दर्शनालाही माहीत होतं, पण काठीचं काय गायचं? आणि सगळी नावं झाल्यावर, जिथे आवतण संपतं तिथे, संचितानं आणखी एक हाक मारली. शकूची.

शकू ही शिवरामची बहीण. स्वतःच्या लग्नाआधीच तिनं खाडीत जीव दिला होता. तिचं नाव या घरात कुणी घेत नव्हतं, कुठल्याच आवतणात आजवर ते आलं नव्हतं. दर्शनाच्या अंगावर काटा आला, आणि लगेच मनात गुदगुल्याही झाल्या. संपली, तिला वाटलं. आता ही संपली.

तेवढ्यात शिवरामची आई गंगुबाई, जी भिंतीला टेकून बसलेली असते आणि कुणाशी बोलत नाही, ती उठली, लटपटत आली आणि संचिताच्या गळ्यात पडली. "माजे शकूला बोलीवलंस गो बाय! कोनी नाय बोलीवलं आजवर!" म्हातारी ओक्साबोक्शी रडली. मग शिवराम रडला, बायका रडल्या, डीजेचा पोऱ्याही वायर हातात धरून उभा राहिला. जेवणाच्या पंगतीत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, देवानं गळा दिलाय पोरीला. दर्शना वाढत होती. तिच्या हातचं मटण त्या दिवशी फक्कड झालं होतं, पण ते कुणी बोललं नाही.

इथपर्यंतसुद्धा तिनं गिळलं असतं. पण पुढल्या महिन्यात भिवाचा फोन आला. भिवा तिचा सख्खा भाऊ, कल्याणच्या पलीकडे नदीकाठच्या गावात. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. दर्शनाला वाटलं आवतणाचं विचारायला केलाय. केला होता त्यासाठीच.

"दर्शना, राग नको धरूस. मांडवाला तुमची संचिता धाड. लोक तिचंच नाव घेतान."

"आनि मी?"

"तू हायसच ना घरची. तू पावनी बनून ये."

दर्शनाच्या माहेरी, तिच्या बापाच्या दारात, तिच्या मेलेल्या आईला हाक कोण मारणार? साताऱ्याची. ज्या आईला दर्शनानं शेवटचं पाणी पाजलं, तिला संचिता बोलावणार, आणि सगळे म्हणणार, काय गळा! दर्शनानं फोन ठेवला आणि ती चण्याची डाळ निवडायला बसली. खडे डाळीत टाकत होती आणि डाळ बाहेर, इतका तिचा तिळपापड झाला होता.

त्याच डाळीच्या सुपावर तिला सुचलं. दोन वर्षांपूर्वी संचिताचा गर्भ पडला होता. त्यानंतर ती महिनाभर अंथरुणाला खिळली, बोलेना, केस विंचरेना. तेव्हा नयननं तिला ठाण्याला एका मनोविकाराच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. गोळ्यांनी ती बरी झाली, गोळ्या बंदही झाल्या. तेव्हा दर्शनानंच तिला भरवलं होतं, न्हाऊ घातलं होतं, आणि मनापासून घातलं होतं, हेही सांगायला हवं. आता तिनं नयनला गच्चीवर गाठलं.

"भाऊजी, मी बोलणार नव्हते. पण ही पुन्हा बिघडते की काय असं वाटतंय."

"का? मस्त तर आहे."

"तेच तर. जास्तच मस्त आहे. हसते काय, रडते काय, जेवायचं भान नाही. मेलेल्या माणसांशी बोलते. शकूला कोण बोलावतं, सांगा. शहाणं माणूस बोलावील? तेव्हा खाली गेली होती, आता वर चाललीय. असंही असतं म्हणे."

नयन केमिकल कंपनीत सुपरवायझर. कुठल्या वाफेचा वास आला की कुठला व्हॉल्व्ह बंद करायचा हे त्याला कळायचं, बायकोचं कळायचं नाही. तो घाबरला. म्हणाला, "वहिनी, तुम्ही चला सोबत. तुम्ही दिवसभर तिच्याबरोबर असता."

आमच्याकडे अमक्याला ठाण्याला नेलं असं म्हटलं की ऐकणारा पुढचं विचारत नाही, नुसतं कपाळाशी बोट नेतो. म्हणून शेजारीपाजारी सांगितलं, भिवाकडच्या लग्नाच्या साड्या घ्यायला चाललोय. संचिता मात्र काही न लपवता तयार झाली. "ताईंना वाटतंय तर दाखवून येऊ," म्हणाली. बसमध्ये तिनं दर्शनाला खिडकी दिली.

डॉक्टरीणबाईंचं नाव योगिनी. केस पिकलेले, आवाज हळू, घाई नाही. त्यांनी आधी संचिताशी एकटीशी बोलून घेतलं, मग नयनशी, मग त्याला बाहेर बसवून दर्शनाला आत बोलावलं.

"संचितानं मला त्या आवतणाबद्दल सांगितलं," बाई म्हणाल्या. "थोडं म्हणूनही दाखवलं. मला फार आवडलं."

इथेही! दर्शनाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "बाई, आवाज चांगलाच आहे तिचा. पण असं झपाटल्यासारखं... हे बरं आहे का?"

"झपाटलेली माणसं आजारी असतातच असं नाही. एखाद्याला एका गोष्टीचं इतकं वेड असतं की बघणाऱ्याला भीती वाटते. ती देणगीही असू शकते. आणि आजार चढायला लागतो तेव्हा सुरुवातीला तो अगदी तसाच दिसतो, देणगीसारखा. नुसतं बघून मला फरक सांगता येत नाही. म्हणून मी साध्या गोष्टी विचारते. हाक मारली तर भानावर येते का?"

"येते," दर्शना म्हणाली. इथे खोटं बोलणं तिला सुचलं नाही.

"जेवते?"

"उशिरा. पण जेवते."

"आणि झोप? नीट विचार करून सांगा. माझं सगळं यावर आहे. ती म्हणते, रात्री छान झोप लागते. पण या आजारात माणसाला आपण झोपत नाही याची तक्रारच नसते. नवरा रात्रपाळीला असतो. तुमच्या खोल्या शेजारी आहेत ना? झोपत असेल तर मी एकही गोळी देणार नाही. तिला घरी न्या आणि गाऊ द्या."

दर्शनाच्या आणि संचिताच्या खोल्यांच्या मध्ये एका विटेची भिंत होती. संचिता पाठ टेकली की झोपायची आणि बारीक घोरायची. मांजर घुरघुरतं तसं. ते दर्शनाला रोज ऐकू यायचं, कारण जागी असायची ती दर्शना. भिवाच्या फोनपासून तर तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. हे सगळं तिला त्या खुर्चीवर लख्ख दिसत होतं. तिला असंही दिसत होतं की आता खरं सांगितलं, तर संचिता घरी जाईल, गाईल आणि तिच्या आईला बोलावील.

"नाही झोपत," दर्शना म्हणाली. "रात्रभर गुणगुणत असते."

बाईंनी चष्मा काढला. "किती दिवस?"

"बरेच. आम्ही आधी लक्ष दिलं नाही."

बाईंनी गोळ्या लिहून दिल्या. सकाळ-दुपार-रात्र. सुस्ती येईल म्हणाल्या, महिन्यानं पुन्हा बघू म्हणाल्या, आणि गोळ्या घरच्या माणसानं स्वतः हातानं द्याव्यात असं सांगितलं. नयननं पाकीट वहिनीच्या हातात दिलं. बसस्टॉपवर तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही होतात म्हणून वेळेत कळलं." संचिता मान खाली घालून उभी होती. म्हणाली, "ताई, मी जागी असते हे मला आठवतच नाही. पण तुम्ही खोटं कशाला सांगाल?"

दर्शना रिक्षा बघायला पुढे झाली.

गोळ्यांनी आठवड्याभरात काम केलं. संचिता सकाळी उशिरा उठायला लागली, दुपारी पुन्हा झोपायला लागली. जीभ जड झाली, बोटं थरथरू लागली. म्हाताऱ्यांच्या ओटीवर जाणं बंद. दूध उतू जाणं बंद. गाणं बंद. सखुबाईनं विचारलं तर संचिताच म्हणाली, "आई, ते गाणं नव्हतं. आजार होता. बरं झालं लवकर कळलं." म्हातारी दोन दिवस जेवली नाही आणि तिसऱ्या दिवशी तिनं भिवाला कळवलं, दर्शना बसंल.

दर्शनाला आनंद झाला. खोटं कशाला बोला, मनापासून झाला. तिनं ती हिरवी साडी इस्त्री करून आणली.

भिवाच्या दारात मांडव उभा राहिला. पोरीबाळी, पाहुणे, पन्नास खुर्च्या, मोठाले स्पीकर. दर्शना पाटावर बसली, आवाज लावला आणि आवतण सुरू केलं. देव झाले, वेस झाली, खापरपणजे, पणजे, आजे झाले. एक नाव मागेपुढे झालं नाही. श्वास कुठे तुटला नाही. मग बाप, आणि बापानंतर आई. नामी. आईचं नाव घेताना तिनं आवाज थोडा चढवला आणि जरा थांबली. कुणीतरी हुंदका देईल म्हणून थांबली. समोर बसलेली भिवाची बायको मोबाइलवर ब्युटी पार्लरवालीला पत्ता सांगत होती. भिवा मंडपवाल्याला खुणा करत होता. दर्शना स्वतःच्या डोळ्यांत पाणी येतंय का ते बघत होती. येत नव्हतं. तिनं शेवटची ओळ म्हटली, तांदूळ टाकले आणि उठली.

"छान झालं," भिवा म्हणाला. "हळदीचा धवला जेवणं झाली की घेऊ." एक म्हातारी काठी टेकत विचारत होती, ती शिवरामकडची पोरगी कुठं हाय, तिला ऐकायला आयलू मी.

ती पोरगी मागच्या खोलीत चटईवर पडली होती. दुपारच्या गोळीची वेळ झालेली. दर्शना पाण्याचा तांब्या घेऊन मागे गेली आणि दाराशी थबकली.

आतून आवाज येत होता. अर्धवट झोपेत, भिंतीकडे तोंड करून, जड जिभेनं संचिता आवतण म्हणत होती. तिला स्वतःला ते कळत तरी होतं का, कोण जाणे. नामी, ये गो. नातीचा मांडव घातलाय. तुझी पितळी कढई धुऊन ठेवलीय, वालाला फोडणी तुझ्याच हातची लागते. कुडाची भिंत सारवून झाली की हात पूस आणि ये. लेक कधीची वाट बघते.

वालाचं दर्शनानंच तिला कधीतरी भांडी घासताना सांगितलं होतं. कुडाचंही. आपण सांगितलं होतं हेसुद्धा ती विसरली होती. तांब्या हातात धरून ती दाराला टेकली आणि तिला आई दिसली. शेणाचे हात कोपरानं पुसत, पदर खोचलेला, खरीखुरी आई, चटईच्या पलीकडे उभी. आई गेली तेव्हा सगळ्यांची जेवणं बघण्यात दर्शनाला रडायला वेळ मिळाला नव्हता. ते रडू आता आलं. तोंडात पदर कोंबून ती रडली, आणि रडता रडता तिला पक्कं कळलं की गोळ्यांनी त्यातलं काहीसुद्धा नेलं नाही. आजार असता तर एव्हाना गेला असता. जीभ नेली, पाय नेले, हसू नेलं, पण ते तसंच्या तसं आत शाबूत होतं. तिच्या आईला बोलावायची ताकद या जगात एका माणसाकडे होती, आणि ते माणूस ती नव्हती.

तिनं डोळे पुसले. नाक पुसलं. आत जाऊन संचिताच्या खांद्याला हलवलं.

संचिता दचकून उठली. "ताई, मी काही म्हणत होते का?"

"नाही."

"मला वाटलं... स्वप्न असेल. तुमचं आवतण कसं झालं?"

"झालं चांगलं. घे."

संचितानं थरथरता तळहात पुढे केला. दर्शनानं गोळी तळहातावर न देता थेट तिच्या जिभेवर ठेवली आणि तांब्या तोंडाला लावला.

"गिळलीस?"

संचितानं मान हलवली.

"आ कर."

संचितानं लहान पोरासारखा आ केला. दर्शनानं तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, जीभ वर करायला लावली, गालाच्या आतही पाहिलं. गोळी नव्हती. तिनं चादर संचिताच्या अंगावर नीट ओढली, बाहेर येऊन दार लावून घेतलं आणि ती मांडवाकडे निघाली. हळदीला बायका जमल्या होत्या, आणि धवलारणीशिवाय सुरू कोण करणार?